दगडी कापूस

आमच्या धामणखिंडीत ॲस्बेस्टॉस कधी नव्हतंच. आमच्याकडे कापूस होता.

दोन हजार त्रेचाळीस सालच्या पौषात सरकारची श्वासवाहिनी, म्हणजे छाती तपासणारी गाडी, आमच्या वसाहतीत आली, तेव्हा बंद पडलेल्या दोरी कारखान्यातल्या एकोणीस म्हाताऱ्यांनी ओळीने हेच सांगितलं. गाडीच्या दारात संगणकाचा एक बोलता पडदा होता. तो विचारायचा, "आपण कधी ॲस्बेस्टॉस हाताळलं आहे का?" म्हातारे म्हणायचे, "नाही बा." "कोणत्या खात्यात होतात?" "कापूस खात्यात." पडदा कारखान्याच्या जुन्या हजेरीपटात बघायचा. तिथेही 'कापूस खाते' असंच लिहिलेलं. मग गोड आवाजात म्हणायचा, "कापूस कामगार या तपासणीस पात्र नाहीत. आपल्या आरोग्यासाठी शुभेच्छा."

"घाल तुझ्या शुभेच्छा चुलीत," म्हणत महादू घरत खोकत खोकत पायऱ्या उतरला.

विसावी मी होते. माझे यजमान त्याच खात्यात अठरा वर्षं राबले आणि चौदा वर्षांपूर्वी छातीत पाणी होऊन गेले. क्षय म्हणून गोळ्या चालू होत्या. गोळ्या संपल्या नाहीत, ते संपले. कामगारांच्या बायकांनाही तपासतात असं कळलं म्हणून मी रांगेत उभी होते.

गाडीतल्या डॉक्टर ऋजुता गवई बाहेर आल्या. तिशीची मुलगी, पण सकाळपासून एकही माणूस आत गेला नाही म्हणून चेहरा उतरलेला.

"आजी, या कारखान्यात नक्की बनत काय होतं?"

"दोरी. बॉयलरच्या दाराला लावतात ना, ती. जाड, पांढरी. भट्टीत टाकली तरी जळायची नाही."

"कशाची?"

"कापसाची."

डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "आजी, कापूस भट्टीत जळत नाही?"

चाळीस-पन्नास वर्षं अख्खी वसाहत कापूस कापूस म्हणत होती, पण हा एवढासा प्रश्न आमच्यातल्या एकालाही पडला नव्हता. पोत्यातून यायचा, मऊ असायचा, पिंजायचा, कातायचा, मग कापूस नाही तर काय? कुणी जाणता मुकादम फार तर 'दगडी कापूस' म्हणायचा, पण तेही आम्हाला एखाद्या आंब्याच्या जातीसारखं वाटायचं.

डॉक्टरबाई पायरीवरच बसल्या आणि कपाळाला हात लावून हसल्या. त्या हसण्यात रडूही होतं. दुपारपर्यंत त्यांनी वर कळवून हजेरीपटातला तो शब्द दुरुस्त करून घेतला. एकोणीस जणांना परत बोलावणं गेलं. महादू पडद्यासमोर उभा राहून म्हणाला, "काय रे? आता नाही देत शुभेच्छा?"

*

हे यंत्र काय करतं, ते डॉक्टरबाईंनी आम्हाला ओट्यावर बसवून सांगितलं. मला कळलं तसं सांगते.

ॲस्बेस्टॉस हा दगड, पण त्याचे तंतू निघतात. केसाचे उभे शंभर भाग केले तर त्यातला एक भाग, इतके बारीक. पिंजताना ते हवेत उडतात आणि श्वासाबरोबर आत जातात. आपल्या रक्तात राखणदार पेशी असतात. परका कण दिसला की त्या गिळून टाकतात. हा तंतू मात्र त्यांच्यापेक्षा लांब. पेशी गिळायला जाते, अर्धा आत, अर्धा बाहेर. धड गिळता येत नाही, धड सोडता येत नाही. ती बिचारी तडफडून मरते आणि मरताना आतलं जहाल पाणी भोवती सांडते. मग दुसरी येते, तिचीही तीच गत. असं तीस-चाळीस वर्षं चालतं. फुप्फुसाला पोलक्याच्या अस्तरासारखं एक पातळ आवरण असतं, तिथवर काही तंतू सरकत जातात, आणि त्या रोजच्या जळजळीत कधीतरी आवरणातली एखादी पेशी बिथरते. तोच मेसोथेलिओमा. छातीत पाणी होऊन माणूस दवाखान्यात जातो, तोपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो.

आता नवीन काय सापडलं? एका साध्या जिवाणूत एक प्रथिन असतं, ते हजार वस्तूंतून नेमकं ॲस्बेस्टॉसच्या तंतूला चिकटतं. शास्त्रज्ञांनी ते प्रथिन वाढवलं, त्याला चुंबकी यंत्रात दिसणारा कण जोडला आणि त्याचं धुकं केलं. ते हुंगायचं, तासभर थांबायचं, की छातीतला एकेक तंतू पडद्यावर चमकतो. बोटातून रक्ताचा थेंब घेतात, त्यावरून आवरणातली पेशी बिथरली आहे का ते कळतं. नुसते तंतू असतील तर त्याच प्रथिनाचा दाट लेप हुंगायला देतात. लेप चढला की तंतू राखणदारांना परका वाटत नाही, झुंज थांबते. पेशी बिथरल्या असतील तर मुंबईच्या केंद्रात उपचार असतो, पण तो पाणी व्हायच्या आधी.

धुकं फार थोडं तयार होतं. म्हणून ज्याचा ॲस्बेस्टॉसशी संबंध सिद्ध होईल त्यालाच द्यायचं, असा नियम होता.

माझी पाळी आली. पडद्यावर माझी छाती दिसली आणि त्यात तंतूच तंतू चमकत होते. रक्त चांगलं होतं, पेशी शहाण्या होत्या. पण डॉक्टरबाईंच्या भुवया जवळ आल्या.

"आजी, तुम्ही कारखान्यात काम केलंत?"

"नाही."

"यजमानांचे कपडे धुतले तरी इतके तंतू जात नाहीत. अजून काही?"

मला काय ते तत्क्षणी कळलं होतं. पण मी म्हटलं, "कपडेच. फार मळायचे."

*

चौऱ्याण्णव सालच्या चातुर्मासात मी नंदादीपाचं व्रत धरलं होतं. चार महिने देवापुढचा दिवा विझू द्यायचा नाही. पहाटे उठून बघावं तर वात जळून नुसती काजळी. तिसऱ्यांदा दिवा विझला तेव्हा मी देवघरात बसून रडले. यांना ते बघवेना. संध्याकाळी कारखान्यातून येताना खिशातून मूठभर कापूस घेऊन आले. "ही वात लाव," म्हणाले, "तुझ्याइतकीच हट्टी आहे. जळायची नाही."

आणि खरंच जळली नाही. तेल संपे, पुन्हा घालावं, वात तशीच. कार्तिकात व्रत पुरं झालं. वसाहतीत बोलबाला झाला, हेमावहिनींच्या देवघरात न जळणारी वात आहे. तेव्हा पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं वाण म्हणून मी त्याच वाती द्यायच्या ठरवल्या. छत्तीस सवाष्णींना, प्रत्येकीला पाच. यांनी पिशवीभर कापूस आणला. चार दुपारी आमच्या ओसरीवर बसून आम्ही तो पिंजला. ज्यांना वाण मिळणार त्या सगळ्या मदतीला आल्या होत्या. उन्हाच्या तिरिपेत पांढरी धूळ नाचत होती आणि आम्ही गाणी म्हणत होतो.

सगळ्यांत सुबक वाती शकूच्या. शकुंतला म्हसकर माझी शेजारीण, लग्न होऊन आले त्या दिवसापासूनची मैत्रीण. तिची एक लकब होती. पुंजका गालाशी धरून फुंकर मारायची म्हणजे तो फुलतो, मग पुन्हा श्वास घेऊन पुन्हा फुंकर.

शकूचे यजमान पोस्टमन होते. कारखान्याशी तिचा काही म्हणता काही संबंध नव्हता. म्हणजे नियमाप्रमाणे तिला धुकं मिळणार नव्हतं. आणि गणपतीपासून तिच्या उजव्या बरगडीत दुखत होतं.

मी सोमवारी गप्प राहिले. मंगळवारी गप्प राहिले. रोज पूजा होईपर्यंत मौन पाळायचं माझं व्रत आहे. पण त्या दिवसांत पूजा झाल्यावरही तोंड उघडेना, आणि ते काही व्रत नव्हतं. छत्तीस बायकांना मी पुण्य म्हणून काय वाटलं, हे उच्चारायचं कसं? गाडी येत्या सोमवारी पुढच्या गावाला जाणार होती.

गुरुवारी सकाळी दिवा लावायला गेले आणि हात जोडले, तर मनात एकही नाव येईना, ना देवाचं ना कुणाचं. तशीच उठले आणि शकूकडे गेले.

ती बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत बसली होती.

"ये. बस. हात लाव जरा, नुसती बघू नकोस."

मी बसले. चार वाल सोलले आणि सगळं सांगितलं. शकूची बोटं थांबली नाहीत. सालं एकीकडे, डाळिंब्या एकीकडे.

"म्हणजे ते वाण?" शेवटी ती म्हणाली.

"हो."

"गाडी कधी आली गं?"

"सोमवारी."

"आज वार कोणता?"

"गुरुवार."

तिने परात बाजूला सरकवली. "वात तू अजाणता दिलीस. तुला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक नव्हतं, देणाऱ्या भावजींनाही ठाऊक नव्हतं. पण सोमवार ते गुरुवार, हेमा? हे दिवस कुणाच्या वाट्यातले घेतलेस तू?"

"लाज वाटली. लोक काय म्हणतील—"

"लोक? कोण उरलंय लोक म्हणायला? अर्धे आपण आणि अर्धे वर गेले." ती भिंतीला धरून उठली, बरगडीवर हात ठेवून जरा थांबली. "ऊठ. चप्पल घाल. भांडण मी नंतर करणार आहे, आणि मी विसरणाऱ्यातली नाही, सांगून ठेवते."

*

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "दिवा लावल्याने फारसं नाही आजी, पिंजल्याने गेलं," एवढंच म्हणाल्या. मग पडद्यावर लिहिलं: शकुंतला म्हसकर, संपर्काचे कारण, दिव्याची वात. पडदा म्हणाला, "धार्मिक वस्तू ही नोंद ग्राह्य नाही. वस्तुरूप पुरावा जोडा."

"अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीची वात आता कुठून आणायची?" डॉक्टरबाई हताश होऊन म्हणाल्या.

शकू हसायला लागली. हसताना तिला कळ आली तरी हसत राहिली. "अहो डॉक्टरबाई, ती जळतच नाही. जाणार कुठे?"

त्या दुपारी आम्ही दोघी घरोघर फिरलो. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं: हात लावायचा नाही, झटकायचं नाही, आधी पाणी शिंपडायचं, नाकाला मुसकं बांधायचं, चिमट्याने उचलून दुहेरी पिशवीत बंद करायचं. दर दारात मी तीच गोष्ट पहिल्यापासून सांगत होते. सांगून सांगून आवाज बसला, पण थांबले नाही. कुणी रडल्या, कुणी पाणी दिलं. काशी मोकलने मला उंबऱ्यावरच अडवलं.

"पुण्य वाटत होतीस ना? व्रतं तू केलीस आणि दगड आमच्या छातीत घातलेस."

तिचं बरोबर होतं. काशी आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली ती हातात पिशवी घेऊन. "पाचातल्या चार आहेत," म्हणाली. "एक लेकीच्या रुखवतात दिली. तिलाही बोलाव."

जुबेदाभाभी मुजावर छत्तिसांत नव्हत्या, पण पिंजायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "वहिनी, मला पण दिली होतीस की. मी स्टोव्हला लावली. भाकरी काय फुगायची!" तो स्टोव्ह माळ्यावर होता. ओला करून अख्खाच पिशवीत घातला.

शुक्रवारी सकाळी श्वासवाहिनीपुढे बायकांची रांग लागली. सगळ्या सत्तरीच्या पुढे-मागे, नाकाला पदर नाही तर मुसकं, आणि मेलेला उंदीर शेपटीला धरून न्यावा तशा हात लांब करून पिशव्या धरलेल्या. ज्या गेल्या होत्या त्यांच्या सुनांनीही देवघरं धुंडाळली होती. चौसष्ट वाती जमल्या. डॉक्टरबाईंनी पहिल्या वातीवर प्रथिनाचा थेंब टाकला, निळा दिवा लावला, आणि काजळीने काळी झालेली ती वात हिरवीगार चमकली. दुसरी चमकली. तिसरी. पुढे पुढे तर बायकाच "हं, पेटली!" म्हणून ओरडायला लागल्या.

तरी वरून मंजुरी लागत होती. पडद्यावर तिघा अधिकाऱ्यांची समिती आली. त्यातले एक गृहस्थ नियमाने चालणारे दिसले. म्हणाले, "वात ॲस्बेस्टॉसची आहे, मान्य. पण या विशिष्ट महिलांनीच ती पिंजली याला आधार काय?"

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला चारचौघांत बोलायची सवय नाही. पण उभी राहिले आणि हळदीकुंकवाला ज्या क्रमाने बसल्या होत्या त्या क्रमाने नावं घ्यायला लागले. पहिल्या ओळीतल्या अकरा, दुसऱ्या ओळीतल्या नऊ, विहिरीकडच्या सात, पोस्टाकडच्या नऊ. कुणी कुठे बसून पिंजलं, कुणाच्या मांडीवर तान्हं होतं, सगळं. पाच नावांनंतर "ती गेली" म्हणावं लागलं, ते म्हटलं. मग जुबेदाभाभींचं नाव सांगितलं.

"साहेब," मी म्हटलं, "दिलेलं वाण परत घ्यायचं नसतं. मला हे परत घ्यायचं आहे. तेवढं करू द्या."

गृहस्थांनी चष्मा काढला. शेजारच्या बाईंनी त्यांना विचारलंसुद्धा नाही, "मंजूर," म्हणाल्या. "सर्व बत्तीस. आणि ज्या लेकीसुनांनी वाती हाताळल्या त्यांनाही."

असा गलका झाला की गाडीवरचे कावळे उडाले. कुणीतरी नाव घेतलं, कुणीतरी शिट्टी मारली. ती काशी होती असं शकू म्हणते, काशी अजून नाकबूल करते.

*

बत्तीसपैकी अठ्ठावीस जणींच्या छातीत तंतू निघाले. पंचवीस जणींचं रक्त चांगलं होतं. त्यांना लेप मिळाला, मलाही मिळाला. तिघींच्या पेशी बिथरायला लागल्या होत्या. त्यांत शकू होती. आवरणावर मोहरीएवढे तीन ठिपके. "पाणी झालेलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "वेळेत आलात." शकूने माझ्याकडे पाहिलं नाही.

महादूला मात्र वेळ मिळाला नाही. त्याच्या छातीत आधीच पाणी धरलं होतं. उपचारांनी त्याला दिवाळीपर्यंत आराम पडला, मग तो गेला. जाताना त्याच्या कागदावर आजाराचं खरं नाव लिहिलेलं होतं. यांच्या वेळी तेवढंही झालं नव्हतं.

मुंबईच्या केंद्रात शकूचं रक्त घेतलं. त्यातल्या राखणदार पेशींना तीन आठवडे शिकवलं, घरातली बिथरलेली पेशी कशी ओळखायची ते, आणि परत तिच्या अंगात सोडल्या. लढाई सुरू झाली की ताप चढतो. चार दिवस ती फणफणली होती. मी खोलीतल्या खुर्चीवर जप करत बसून होते. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने डोळे उघडले.

"तुला अजून माफ केलेलं नाही मी."

"माहीत आहे."

"मग तिकडे लांब काय बसलीस पाहुण्यासारखी? इकडे ये. पाय चेप."

मी पाय चेपले. एवढं सुख मला कुठल्या उद्यापनात मिळालं नव्हतं.

पुढच्या वर्षीच्या आषाढात डॉक्टरबाईंचा फोन आला. देशभरातल्या श्वासवाहिन्यांचा प्रश्न बदलला होता. पडदा आता 'ॲस्बेस्टॉस हाताळलं का' असं विचारत नाही. तो विचारतो, "न जळणारी, तंतू निघणारी वस्तू कधी हाताळली का? तुमच्याकडे तिला काय म्हणतात?" आणि खाली मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेत पहिल्या सहा महिन्यांत एकशे चाळीस शब्द आले. कुठे तिला रुई म्हणत होते, कुठे भुसा, कुठे केस. एका बंदरावर जहाजं फोडणारे लोक तिला 'म्हातारी' म्हणत, हवेत उडते म्हणून. दर शब्दामागे एक वसाहत होती, 'आमच्याकडे ते नव्हतंच' म्हणून परत पाठवलेली. अकरा हजार माणसं नव्याने आत घेतली गेली. डॉक्टरबाई आकडा सांगताना रडत होत्या, मी त्यांना म्हटलं, "बाळ, जेवलीस का?"

दोन हजार पंचेचाळीसच्या जानेवारीत शकूची शेवटची तपासणी झाली. ठिपके आदल्या वर्षीच पुसट झाले होते, पण खात्री आज व्हायची होती. काशी, जुबेदाभाभी, मी, आम्ही सगळ्या काचेपलीकडे दाटीवाटीने उभ्या होतो. यंत्राच्या पोकळीतून शकूचे फक्त पाय दिसत होते.

"मोठा श्वास घ्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "धरून ठेवा."

पडद्यावर तिची छाती भरत गेली. उजवं आवरण, डावं आवरण, खालचा कोपरा. डॉक्टरबाई एकेक चित्र सरकवत होत्या. मग त्यांनी आमच्याकडे वळून नुसते डोळे मिटले आणि उघडले. काही नव्हतं. कुठेच काही नव्हतं.

काशीने मला इतकं जोरात मिठीत घेतलं की माझी माळ तुटली.

"झालं आजी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सोडा श्वास."

शकू गप्प.

"आजी? श्वास सोडा आता."

पलीकडून तिचा पाय हलला. नको, नको, असा. आम्ही मोजत राहिलो, वीस, पंचवीस, तीस. मग भलामोठा सुस्कारा ऐकू आला आणि पाठोपाठ तिचा आवाज.

"कशाला घाई करता हो? अजून होता."